लोहितचे बदलते पत्ते

लोहित हा भारतीय लिप्यांचा मुक्त फॉन्टसंच रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये प्रसिद्ध केला. संस्कृतात लोहित म्हणजे तांबडा, आणि कंपनीच्या नावातच तांबडी टोपी. अक्षरे मात्र पुण्याची होती. श्रीलिपी या सॉफ्टवेअरमुळे मराठी छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत माहीत असलेल्या मॉड्युलर इन्फोटेक या पुण्याच्या कंपनीने ती पुरवली, आणि पुढे त्यांची देखभाल रेड हॅटच्या पुणे कार्यालयातून झाली. फॉन्ट म्हणजे एकदा काढून हातावेगळे केलेले चित्र, अशी सर्वसाधारण समजूत असते. लोहितच्या बाबतीत ती खरी नाही. तो वर्षानुवर्षे दुरुस्त होत राहिलेला प्रकल्प होता. म्हणूनच त्याला एक राहता पत्ता लागला, जिथे मूळ फाइली असतील, कोणी कधी काय बदलले याची नोंद असेल आणि चुकीचे अक्षर दिसले तर तक्रार लिहिता येईल. हा पत्ता पुन्हा पुन्हा बदलला. त्यातले मोठे स्थलांतर फेब्रुवारी २०१७ च्या मुदतीने घडवून आणले.

संगणकावरचे आधीचे मराठी कप्प्याकप्प्यांत विभागलेले होते. प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची आतली मांडणी निराळी. एकाच्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टात उघडला की पडद्यावर नुसती चिन्हांची खिचडी दिसे. १९९१ मध्ये इस्की हे संकेतन भारतीय मानक म्हणून जाहीर झाले. या क्षेत्रात पुण्याच्या सी-डॅकचे काम मोठे होते. युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या, १९८८ च्या, रूपावरून घेतली. पण संकेतन ठरले म्हणून अक्षर आपोआप दिसत नाही. जोडाक्षरांचे नियम पोटात बाळगणारा ओपनटाइप फॉन्ट लागतो, आणि कोणीही वापरावा, बदलावा, वाटावा असा देवनागरी फॉन्ट २००० च्या सुमारास लिनक्सवर जवळपास नव्हताच.

ती उणीव भरून काढण्याची धडपड आधी मुंबईत सुरू झाली. तिथे इंडलिनक्स हा गट लिनक्सला भारतीय भाषा शिकवू पाहत होता. जुहूच्या एनसीएसटीमध्ये र. कृ. जोशी होते. मायक्रोसॉफ्टचा मंगल हा फॉन्ट ज्यांच्या हातचा, त्याच सुलेखनकाराचा रघू हा फॉन्ट मुक्त परवान्याखाली आला. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये प्रा. जितेंद्र शहा यांच्या इंडिकट्रान्स गटातून गार्गी हा फॉन्ट निघाला. लोहित पुण्यात उभा राहिला तेव्हा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण होऊन दोनच वर्षे झाली होती. या दोन शहरांच्या मध्ये, पुण्याच्या अलीकडे, मावळातले उर्से लागते. तिथल्या टोलनाक्यामुळे ते नाव या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचे झाले आहे. फॉन्ट करणाऱ्याला मात्र ते वेगळ्याच कारणाने उपयोगी पडावे असे आहे.

उर्से हा शब्द संगणकाच्या स्मृतीत पाच संकेतांनी साठवला जातो: उ, र, हलन्ताचे चिन्ह, स आणि एकाराची मात्रा. त्यात र आधी येतो, स नंतर. पडद्यावर उलटे व्हायला हवे. र ने आपले रूप टाकून रफार व्हायचे, स ओलांडून पुढे जायचे, आणि स च्या डोक्यावरची मात्रा आधीच बसलेली असल्याने तिला न खेटता उजव्या बाजूने जागा धरायची. हे काम थोडे फॉन्ट करतो, थोडे अक्षरजुळणीची यंत्रणा करते. दोघांचे एकमेकांशी नीट जुळले नाही तर हलन्त उघडा पडून ‘उर्‌ से’ असे दोन तुकडे दिसतात, नाहीतर रफार आणि मात्रा एकमेकांवर चढून काळा ठिपका होतो. याच परिसरातल्या लोहगडाच्या पायऱ्या लिहायच्या झाल्या तर पुन्हा निराळी पंचाईत, कारण तिथे रफार चालत नाही. तिथे य ला चिकटलेला आडवा अर्धा र लागतो. तो मराठीला रोज लागतो आणि हिंदीला लागत नाही, त्यामुळे हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या फॉन्टात तो हटकून राहून जाई. ल आणि श यांची मराठी वळणेही हिंदीपेक्षा वेगळी. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने प्रमाण वर्णमाला ठरवली, तेव्हा ही वळणे पुन्हा चर्चेत आली.

अशी एकेक दुरुस्ती बारीक असते, पण अशा दुरुस्त्यांची संख्या शेकड्यांत जाते, आणि एक अक्षर सुधारताना दुसरे बिघडते. म्हणून नोंदवही लागते. लोहितची मूळ फाइल फॉन्टफोर्ज या मुक्त साधनाच्या एसएफडी स्वरूपात होती. ही फाइल साधा मजकूर असते. कोणत्या अक्षराची कोणती रेघ कोणत्या बिंदूपासून कुठे जाते, हे ओळीओळीने लिहिलेले. रफार जरा डावीकडे सरकवला तर फाइलीतल्या तेवढ्याच ओळी बदलतात. ओळींतला फरक टिपणे हेच तर आवृत्ती नियंत्रणाचे काम. तयार झालेली टीटीएफ फाइल त्यात नुसती टाकली तर काहीतरी बदलले एवढेच कळते, काय बदलले ते कळत नाही.

आवृत्ती नियंत्रणाच्या साधनांतही या काळात मोठी उलथापालथ झाली. १९८६ पासूनच्या सीव्हीएसमध्ये सगळा इतिहास एकाच मध्यवर्ती सर्व्हरवर असे, आणि काम करणाऱ्याच्या हाती फक्त आजची प्रत. तलाठ्याच्या दप्तरासारखे: नक्कल मिळते, दप्तर तिथेच राहते. दप्तराला आग लागली की गावाचा इतिहास गेला. लिनस टोर्व्हाल्ड्सने एप्रिल २००५ मध्ये लिहायला घेतलेल्या गिटने ही रचनाच मोडली. गिटमध्ये रेपोची, म्हणजे प्रकल्पाच्या साठ्याची, प्रत घेतली की पहिल्या दिवसापासूनचा सगळा इतिहास सोबत येतो. प्रत्येक कमिटला, म्हणजे नोंदवलेल्या बदलाला, त्याच्या आशयावरूनच काढलेला ४० अंकाक्षरांचा क्रमांक मिळतो, त्यामुळे एक अक्षर जरी मागून बदलले तरी पुढचे सगळे क्रमांक चुकतात आणि लबाडी उघडी पडते. याचा स्थलांतराशी थेट संबंध आहे. गिटमधला प्रकल्प हलवायला जुन्या सर्व्हरवाल्याची मेहरबानी लागत नाही. कोणा एकाच्या लॅपटॉपवर पूर्ण प्रत असली तरी पुरते.

पण प्रकल्प म्हणजे नुसता कोड नव्हे. तो ठेवायला जागा, तक्रारींची यादी, माहितीची पाने, उतरवून घ्यायला तयार गठ्ठे, हे सगळे फुकटात देणारी पहिली मोठी सेवा म्हणजे नोव्हेंबर १९९९ मध्ये सुरू झालेली सोर्सफोर्ज. इंडलिनक्सने तिथे बिऱ्हाड केले. गार्गीने ग्नू प्रकल्पाच्या सव्हाना या सेवेवर. लोहितला सुरुवातीला स्वतःचे असे घरच नव्हते. तो रेड हॅटच्या आणि तिच्या आधाराने चालणाऱ्या फेडोरा या लिनक्स वितरणाच्या पॅकेजांच्या पोटात राहत होता, आधी ‘टीटीफॉन्ट्स’ नावाच्या, भाषागणिक वेगळ्या पॅकेजांत, मग ‘फॉन्ट्स-इंडिक’ या एका पॅकेजात आणि नंतर ‘लोहित-फॉन्ट्स’ या नावाने. पोटभाडेकरूसारखी ही स्थिती. फेडोरा वापरणाऱ्याला फॉन्ट मिळे, पण डेबियन या दुसऱ्या वितरणाच्या माणसाला मूळ कुठे शोधायचे हा प्रश्न पडे.

ते घर फेडोराहोस्टेडमुळे मिळाले. २००७ च्या अखेरीस फेडोरा प्रकल्पाने ही सेवा उघडली. तक्रारी आणि विकी यांसाठी ट्रॅक हे सॉफ्टवेअर, आणि कोडसाठी गिट, सबव्हर्जन, मर्क्युरियल किंवा बझार यांतले ज्याला जे आवडेल ते. लोहितने गिट घेतले. तयार गठ्ठे ‘फेडोराहोस्टेड.ऑर्ग/रिलीजेस/एल/ओ/लोहित’ या पत्त्यावर ठेवले जाऊ लागले. मधले ‘एल’ आणि ‘ओ’ म्हणजे नावाची पहिली दोन इंग्रजी अक्षरे, फोल्डरांची गर्दी वाटून टाकण्यासाठी. एखाद्या जुन्या ग्रंथालयात कार्डांचे खण अक्षरवार लावलेले असत, तसेच. हा पत्ता पुढे कित्येक ठिकाणी उतरला. फेडोराच्या पॅकेजाच्या स्पेक फाइलीत, म्हणजे पॅकेज बनवण्याच्या कृतीत, इतर वितरणांच्या फाइलींत, लोकांच्या टिपणवह्यांत.

पॅकेजांचे दप्तर याच्या वेगळे होते आणि तेही जुलै २०१० मध्ये हलले. फेडोराने हजारो पॅकेजांचा सीव्हीएसमधला इतिहास गिटमध्ये आणला. म्हणजे लोहितच्या मूळ फाइली एका रेपोत आणि त्यांपासून पॅकेज बनवण्याची कृती दुसऱ्या रेपोत, आणि प्रत्येकाचा प्रवास निराळा. बाहेरून पाहणाऱ्याचा इथे नेहमी गोंधळ होतो.

सप्टेंबर २०११ मध्ये लोहितचा परवाना बदलला. हे स्थलांतर नव्हे, पण पुढची सगळी स्थलांतरे त्यामुळे सोपी झाली. आधीचा जीपीएल हा परवाना प्रोग्रॅमसाठी घडवलेला. फॉन्ट पीडीएफमध्ये गुंफला किंवा वेबपानासोबत पाठवला तर त्या पानालाही जीपीएल लागू होतो की काय, असा प्रश्न त्यातून उठे. लोहित एसआयएल या संस्थेच्या ओपन फॉन्ट लायसन्सच्या १.१ आवृत्तीखाली गेला आणि तो प्रश्न मिटला. विकिमीडियाच्या संकेतस्थळांनी लोहित वेबफॉन्ट म्हणून वापरला. ज्याच्या संगणकावर एकही देवनागरी फॉन्ट नाही, त्यालाही मराठी विकिपीडिया वाचता यावा हा हेतू. अशा परवानाबदलाच्या वेळी कोणी कोणते अक्षर काढले, कोणी नियम लिहिले, हे सांगता यावे लागते, आणि तेव्हा कमिटांची यादी कागदपत्रांइतकीच कामाची ठरते.

त्यानंतर आतली फेररचना झाली. लोहित-२ या नावाने ओळखल्या गेलेल्या या टप्प्यात जोडाक्षरांचे नियम नव्याने लिहिले गेले आणि ते चित्रांच्या फाइलीतून काढून वेगळ्या मजकूर-फाइलींत ठेवले. ओपनटाइपमध्ये देवनागरीसाठी ‘देव’ आणि ‘देव२’ अशा जुन्या-नव्या दोन खुणा आहेत, आणि जुनी यंत्रणा पहिली वाचते तर नवी दुसरी. लोहित-२ ने दोन्ही सांभाळल्या. अक्षरांच्या आतल्या नावांनाही शिस्त लावली. आता रफाराचा नियम म्हणजे चार ओळींचा वाचता येणारा मजकूर झाला. पुण्यात बसलेल्याने केलेली दुरुस्ती दुसऱ्या लिपीवर काम करणाऱ्याला वाचून उचलता येऊ लागली. लोहितच्या इतिहासातले हे काम बाहेर फारसे गाजले नाही, पण सर्वांत मोलाचे तेच.

दरम्यान प्रकल्प ठेवण्याच्या जागांचा बाजार पालटत होता. २००८ मध्ये सुरू झालेले गिटहब पाहता पाहता सगळ्यांचे गाव झाले आणि बाकीच्या वस्त्या ओस पडू लागल्या. एकाच गावात राहण्याचा धोका भारतीयांना डिसेंबर २०१४ मध्ये दिसला. मुंबईतल्या न्यायदंडाधिकारी न्यायालयाच्या आदेशावरून दूरसंचार विभागाने ३२ संकेतस्थळे बंद करायला सांगितली. मागणी दहशतवादविरोधी पथकाची होती. यादीत इंटरनेट आर्काइव्ह, व्हिमिओ, पेस्टबिन यांच्यासोबत गिटहबची गिस्ट ही सेवाही होती. काही दिवसांत बरीच बंदी उठली, पण ज्यांचे रोजचे काम या पत्त्यांवर चालत होते त्यांना तोवर सक्तीची सुट्टी मिळाली.

लगेच २०१५ उजाडले आणि जुन्या सेवा एकामागून एक गळू लागल्या. गूगलने मार्चमध्ये गूगल कोड बंद करण्याची घोषणा केली. ऑगस्टमध्ये ते फक्त वाचण्यापुरते उरले आणि जानेवारी २०१६ मध्ये थांबले. गिटोरियस ही तशीच सेवा गिटलॅबने विकत घेतली आणि मे २०१५ अखेर मिटवली. सोर्सफोर्जवर जिंप या चित्रसंपादकाच्या विंडोज आवृत्तीसोबत जाहिरातीची भर घातल्याचा बोभाटा झाला आणि तिथले उरलेसुरलेही बाहेर पडू लागले. लोहितला ज्यावर घडवले जाते ते फॉन्टफोर्ज त्याआधीच सोर्सफोर्जवरून गिटहबवर गेले होते. अक्षरजुळणी करणारी हार्फबझ ही यंत्रणाही फ्रीडेस्कटॉपच्या अंगणातून तिकडेच गेली.

फेडोराहोस्टेडची पाळी २०१६ मध्ये आली. नवे प्रकल्प तिथे येईनासे झाले होते. त्या वर्षात फक्त एक आला आणि आदल्या वर्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, असे चालवणाऱ्यांनीच सांगितले. सेवा २८ फेब्रुवारी २०१७ रोजी बंद होईल असे जाहीर झाले, आणि पर्याय म्हणून पाग्यूर पुढे आले. पिएर-इव्ह शिबाँ या फेडोराच्या अभियंत्याने पायथनमध्ये लिहिलेली ही गिटसाठीची सेवा. फ्रेंचमध्ये पाग्यूर म्हणजे दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहणारा खेकडा. वाढला की तो जुना शंख सोडतो आणि मोठा शोधतो. नाव ठेवणाऱ्याला पुढचे दिसत होते की काय, असे आता वाटते.

लोहितला या प्रवासात एक जुनी निवड कामी आली. पाग्यूर फक्त गिट स्वीकारते. सबव्हर्जन किंवा बझारवर बसलेल्या प्रकल्पांना आधी आपला इतिहास गिटमध्ये उलगडून घ्यावा लागला, आणि त्यात लेखकांची नावे आणि शाखा जुळवणे हे डोकेदुखीचे काम असते. लोहितचा कोड आधीपासूनच गिटमध्ये. असा कोड हलवण्याची पद्धत दोन आज्ञांची: जुन्या पत्त्यावरून ‘गिट क्लोन --मिरर’, नव्या पत्त्याकडे ‘गिट पुश --मिरर’. सगळ्या शाखा, आवृत्त्यांच्या सगळ्या खुणा, आणि प्रत्येक कमिटचा तोच ४० अंकाक्षरी क्रमांक नव्या जागी पोचतो. चहा संपायच्या आत हे काम होते.

अडते ते तक्रारींपाशी. ट्रॅकमध्ये तक्रारीला तिकीट म्हणत आणि प्रत्येक तिकिटाला क्रमांक असे. कमिट करताना लोक ‘अमुक क्रमांकाचे तिकीट निकाली’ असे लिहून ठेवतात. क्रमांक बदलला की ती ओळ भलत्याच तक्रारीकडे बोट दाखवते. शिवाय ट्रॅकची लिहिण्याची रीत वेगळी. कोडचा तुकडा तिथे तीन महिरपी कंसांत ठेवतात, शीर्षक बरोबरच्या चिन्हांत. पाग्यूरला मार्कडाउन लागते, त्यात कोडसाठी उलटे अवतरणचिन्ह आणि शीर्षकासाठी चौकडीचे चिन्ह. फॉन्टच्या तक्रारीत हे आणखी नाजूक होते, कारण तिकिटाचा सगळा जीव त्यात चिकटवलेल्या एका चित्रात असतो: रफार इथे बसतो, इथे बसायला हवा. ते चित्र मागे राहिले तर उरलेल्या वाक्याला अर्थ नाही. ही ने-आण करायला फेडोराच्या मंडळींनी पाग्यूर-इम्पोर्टर नावाचे छोटे साधन लिहिले. फेडोराहोस्टेड आणि पाग्यूर दोन्हीकडे प्रवेश फेडोराच्या एकाच खात्याने होत असल्यामुळे एक फायदा झाला, तक्रार लिहिणाऱ्याचे नाव तेच राहू शकले. हेच प्रकल्प परक्या सेवेवर गेले असते तर जुन्या सगळ्या तक्रारी हलवणाऱ्या एकाच माणसाच्या नावावर चढल्या असत्या. दुसरीकडे असे घडलेले पुष्कळ प्रकल्प आहेत. तिथे दहा वर्षांपूर्वीचे भांडण एकच माणूस स्वतःशी करताना दिसतो.

पाग्यूरच्या रचनेत आणखी एक गोष्ट होती, आणि ती तिच्या स्पर्धकांत अभावानेच आढळते. तिथल्या प्रत्येक प्रकल्पामागे एक नव्हे तर चार गिट रेपो असतात. एकात कोड, दुसऱ्यात दस्तऐवज, तिसऱ्यात तिकिटे, चौथ्यात बदलाच्या विनंत्या. म्हणजे तक्रारींचे दप्तरही गिटमध्येच, प्रत घेता येण्याजोगे. पुन्हा हलायची वेळ आली तर तक्रारी सेवेच्या डेटाबेसमध्ये अडकून पडणार नाहीत, ही दूरदृष्टी. गिटहबसारख्या सेवांवर कोड गिटमध्ये असतो, पण त्याभोवतीची चर्चा सेवेच्या मालकीच्या जागेत. बाहेर काढायची तर त्यांच्याच दाराने.

मावळात पवना धरण झाले तेव्हा गावे पाण्याखाली गेली आणि लोकांना जुनी जागा सोडावी लागली. माणसे गेली, भांडी गेली. पण जुन्या पत्त्यावर लिहिलेली पत्रे कुठे जाणार, हा प्रश्न उरतोच. प्रकल्पाच्या स्थलांतरात ही पत्रे म्हणजे दुवे. फेडोराच्या स्पेक फाइलीत ‘यूआरएल’ आणि ‘सोर्स०’ अशा दोन ओळी असतात, एकीत प्रकल्पाचे घर, दुसरीत गठ्ठा कुठून आणायचा तो पत्ता. लोहितच्या पॅकेजांत फेडोराहोस्टेडच्या जागी पाग्यूर.आयओ आले आणि एल-ओच्या खणांच्या जागी सरळ ‘रिलीजेस.पाग्यूर.ऑर्ग/लोहित’. लोहितची पॅकेजे भाषागणिक वेगळी, त्यामुळे ही दुरुस्तीही प्रत्येक ठिकाणी करणे आले. डेबियनमध्ये देवनागरी लोहित ‘फॉन्ट्स-लोहित-देव’ या नावाने नांदतो. असे दुसऱ्यांच्या अंगणातले पत्ते ज्याचे त्यालाच बदलावे लागतात. फेडोराने जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्या पत्त्यावर पाठवण्याची सोय ठेवली. पोस्टमनला नवा पत्ता देऊन ठेवावा तशी. ज्या सेवा कंपनीच्या ताळेबंदात नकोशा झाल्या म्हणून मिटल्या, त्यांतल्या सगळ्यांनी एवढे सौजन्य दाखवले नाही.

पॅकेजांचे दप्तरही त्याच वर्षी, ऑगस्ट २०१७ मध्ये, पाग्यूरवर चढले. मूळ आणि पॅकेज असे दोन्ही अखेर एकाच प्रकारच्या छपराखाली आले. गिटहबवरही लोहितचा एक साठा एका देखभालकर्त्याच्या खात्याखाली आहे. त्यामागचा हेतू उघड आहे, माणसे जिथे आहेत तिथे दुकान मांडावे लागते. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये साडेसात अब्ज डॉलरला गिटहब घेतले तेव्हा अनेक प्रकल्प तिथून उठून गिटलॅबकडे गेले, पण त्या लाटेने गिटहबचे फारसे काही बिघडले नाही. केरळातल्या स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग या गटाची वाट याहून वेगळी. सव्हानावर सुरुवात केलेल्या या गटाचे काम आज गिटलॅबवर आहे आणि त्यांचे फॉन्ट सतत नवे होत असतात. गार्गी मात्र सव्हानावर होता, तिथेच राहिला. सव्हाना बंद पडले नाही, त्यामुळे हलण्याची सक्ती झाली नाही, आणि हलवायला कोणी उरलेही नव्हते. लोहितपाशी पगारी माणसे होती, नेमून दिलेले काम होते, आणि वर एका वितरणाचा तगादा होता. स्वयंसेवकांच्या उत्साहाचे कौतुक करताना ही बाब सहसा सोयीस्करपणे विसरली जाते.

लोहितचे महत्त्व पुढे कमी झाले. दरम्यानच्या वर्षांत गूगलचा नोटो फॉन्ट जगातल्या बहुतेक लिप्यांसाठी तयार होत गेला आणि २०२२ मध्ये फेडोरा ३६ ने बऱ्याच भाषांसाठी तोच मूळ फॉन्ट म्हणून घेतला. लोहित काढून टाकला नाही, पण संगणक सुरू केल्यावर समोर येण्याचा मान गेला. लोहित-देवनागरीची आवृत्ती २.९५.४ वर आली आणि वितरणांच्या याद्यांत वर्षानुवर्षे तीच दिसत राहिली.

पाग्यूरचाही शंख लहान पडला. ते लिहिणारे आणि सांभाळणारे हात थोडे होते, आणि गिटहब-गिटलॅबच्या वेगाशी बरोबरी करणे त्यांना शक्य नव्हते. डिसेंबर २०२४ मध्ये फेडोराने आपला पुढचा मुक्काम फोर्जेओ असेल असे जाहीर केले. २०२२ च्या अखेरीस गिटी या सॉफ्टवेअरपासून वेगळे निघालेले फोर्जेओ बर्लिनच्या कोडबर्ग या संस्थेच्या आश्रयाने वाढते. एस्परांतो भाषेत त्या नावाचा अर्थ लोहारशाळा. नवी सेवा २०२५ मध्ये उघडली आणि पाग्यूरवरच्या प्रकल्पांना पुन्हा सामान बांधायला सांगण्यात आले. या खेपेस तिकिटे आधीच गिटमध्ये होती.

लोहित-देवनागरीचा २.९५.४ चा गठ्ठा उतरवून घ्यायला, त्यात दुरुस्ती करायला आणि आपल्याकडे जपून ठेवायला ओपन फॉन्ट लायसन्सखाली कोणाची परवानगी लागत नाही. मूळ रेपोची पूर्ण प्रत एका आज्ञेत येते, आणि उर्सेतला रफार मात्रेच्या उजवीकडे बसवणारा नियम तिच्यात आहे.